शिक्का एकाचा, हात दुसऱ्याचा

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांनी जुन्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलंय किंवा बसवायच्या विचारात आहेत, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला चिपळूणला निघालो होतो. कराड, पाटण, कोयनानगर मागं पडलं, हेळवाक सोडून कुंभार्ली घाट उतरायला लागलो. शेजारी बायको, मागे आई. एका वळणावर क्लच दाबून ब्रेक लावला, चाक खड्ड्यात आदळलं आणि इंजिन बंद. पहिला ब्रेक नीट लागला, दुसरा कसाबसा, तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखं. स्टेअरिंग पण जड. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली. आई मागून म्हणते, "थांबली का रं?" म्हटलं, हो, जरा पाय मोकळे करू. हात थरथरत होते, ते तिला दिसू दिले नाहीत.

ब्रेक निकामी झाले नव्हते, हे मला नंतर समजलं. आपल्या गाड्यांच्या ब्रेकला जो हलकेपणा असतो तो इंजिनच्या व्हॅक्युममुळे. इंजिन बंद पडलं की एक-दोन दाबांपुरती व्हॅक्युम शिल्लक राहते, मग सगळी ताकद पायाची. अशा वेळी ब्रेक एकदाच दाबून धरायचा, पुन्हा पुन्हा सोडायचा नाही. आणि गाडी चालती असताना घाबरून चावी पूर्ण मागे फिरवून काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं.

आता मूळ गोष्ट. गाडी 2011 ची, पेट्रोलची. इंजिन चांगलं आहे, तक्रार कधी नव्हती. पेट्रोल शंभरीच्या वर गेल्यावर माझ्यासारख्या, बातमीसाठी रोज तालुका फिरणाऱ्या माणसाने काय करायचं? किट बसवलं. आठ दिवसांत गाडी बंद पडायला लागली. स्पीडब्रेकरवर, एसटी स्टँडच्या चौकात, बाजार समितीच्या गेटवर. पुन्हा स्टार्टर मारला की चालू.

मग सुरू झाला सुटे भाग बदलण्याचा सप्ताह. एकाने प्लग बदलले. दुसरा म्हणाला कॉईल, सीएनजीला स्पार्क जोरदार लागतो. तसं ते खरं आहे, कमकुवत कॉईल गॅसवर लगेच उघडी पडते. पण माझी कॉईल नवी घालूनही फरक शून्य. तिसऱ्याने थ्रॉटल बॉडी साफ केली. चौथ्याने फ्युएल पंप बदलला. स्कॅनर लावला, त्यात काहीच एरर नाही, म्हणून मी पण निर्धास्त होऊन घाटात गेलो. सगळे मिळून 7,800 रुपये गेले, आणि काढलेले जुने भाग कुणी परत दिले नाहीत. मी पण मागितले नाहीत. पत्रकार म्हणून लोकांना कागद मागतो, स्वतःच्या गाडीचा हिशेब मागताना लाजतो.

शेवटी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी तीन प्रश्न विचारले. "पत्रकार, बिघाड सुरू व्हायच्या आधी शेवटचं काय बसवलं?" किट. "नुसत्या पेट्रोलवर चालवून बघितली?" हो, तरी बंद पडते. "आणि चालत्या गाडीत मधेच क्षणभर हिसका बसतो का?" बसतो. ते म्हणाले, मग गॅसचा दोष नाही, पेट्रोलचा नाही, हवेचाही वाटत नाही. दोन्हीकडे लागणारा करंट मधेच तुटतोय. गिअरमध्ये पळत असताना तुटला तर चाकं इंजिनला फिरवत राहतात, म्हणून नुसता हिसका बसतो. क्लच दाबलेला असताना तुटला की इंजिन बंदच.

इंजिन चालू ठेवलं आणि वायरिंगचा जुडगा हाताने हळूहळू हलवत गेले. बॅटरीच्या मागे एका जागी हात लागला आणि इंजिन गप. टेप सोडली तर आत इग्निशनची मूळ वायर कापून तिथूनच किटसाठी करंट काढलेला. टोकं नुसती पिळलेली, ना डाग दिलेला ना कनेक्टर. तांबं हिरवं पडलेलं, टेपचा गोंद उष्णतेनं सुटलेला. किटची अर्थिंगची वायर रंग लावलेल्या बोल्टखाली. दोन्ही कामं अर्ध्या तासात झाली, 250 रुपये घेतले. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

म्हणजे किट खराब नव्हतं. बसवणं खराब होतं. आणि माझा मुद्दा इथेच आहे.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. इंधन बदलायचं तर मान्यताप्राप्त किट लागतं, आणि आरसीवर नोंद लागते. माझ्याकडे हे सगळं आहे. किटची मान्यता आहे, सिलिंडरचा नंबर आहे. बसवल्याचं प्रमाणपत्रही आहे. फक्त त्या प्रमाणपत्रावर शिक्का आहे जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानाचा, ज्याने माझी गाडी कधी पाहिलेली नाही. काम झालं आपल्या गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका विशीतल्या पोराच्या हातून. नोंदणीच्या वेळी बॉनेट उघडलं, नंबर जुळवले, सही झाली. टेपला कुणी हात लावला नाही.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला या गाडीचं वायरिंग डायग्राम कुणी दाखवलेलं नाही. दिवसाला दोन गाड्या संपवल्या तरच त्याला पैसे. आणि आपण गिऱ्हाईक तरी काय करतो? "जीएसटी नको, कच्चं बिल चालेल" हे वाक्य मी स्वतः बोललोय. तिथेच माझा दावा संपला. शिक्केवाला म्हणतो मी बसवलं नाही, बसवणारा म्हणतो कागदावर माझं नाव कुठंय. सिलिंडरमध्ये दोनशे बारच्या आसपास दाब असतो, त्याची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तेव्हा तरी कोण उभा राहणार आहे?

मागणी फार मोठी नाही. प्रमाणपत्रावर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं नाव आणि कामाची जागा हवी. तपासणीत नंबरासोबत जोड आणि अर्थिंग बघितली जावी. आपल्या तालुक्यातल्या आयटीआयने या पोरांसाठी वायरिंगचा आठवड्याभराचा वर्ग घेतला तरी पुष्कळ फरक पडेल. यातल्या शेवटच्या मागणीचं निवेदन मी सोमवारी देतोय. पहिल्या दोन परिवहन कार्यालयाकडे लेखी पाठवतोय, उत्तर आलं की इथेच टाकेन.

तोपर्यंत ज्यांच्या गाडीला किट आहे त्यांनी आपलं प्रमाणपत्र काढून बघा. शिक्का कुणाचा आहे आणि गाडी कुठे उभी केली होती, दोन्ही एकच आहे की नाही, एवढंच खाली लिहा. दुकानाचं नाव लिहू नका, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल.