जमिनीखालचें पुणें व जमिनीवरचें नगर

१ जून १९४८ रोजीं एस्टीची पहिली गाडी धांवली ती नगर-पुणें रस्त्यावर. नगरकरांस ह्या गोष्टीचा अभिमान वाटतो व तो रास्तच आहे. त्या दिवसापासून नगरच्या व्यापाऱ्याचा, विद्यार्थ्याचा, रोग्याचा व पक्षकाराचा पुण्याशीं जो संबंध जडला तो मुख्यतः ह्याच रस्त्यानें व ह्याच वाहनानें. ह्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकास गेल्या कांहीं वर्षांत जमिनीखालीं मोठें काम झालें. परंतु त्याविषयींचा आमचा विचार अद्याप कौतुकाच्या पुढें गेलेला नाहीं. पुण्याहून परत आलेला मनुष्य सरकत्या जिन्याचें व गार फलाटाचें रसभरित वर्णन करितो, ‘आपल्याकडे असें कधीं व्हायचें!’ म्हणून एक सुस्कारा टाकितो, आणि पेढीवर जाऊन बसतो. हा सुस्कारा कितपत योग्य आहे, हें आज पाहावयाचें आहे.

पुण्याच्या मेट्रोची कोनशिला २४ डिसेंबर २०१६ रोजीं बसली. पहिले दोन तुकडे ६ मार्च २०२२ रोजीं खुले झाले. १ ऑगस्ट २०२३ रोजीं पिंपरीकडून येणारी गाडी जमिनीखालीं उतरून शिवाजीनगर व जिल्हा न्यायालय ह्या स्थानकांपर्यंत आली. आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजीं मुठेच्या पात्राखालून व जुन्या पेठांच्या पोटांतून ती स्वारगेटास पोहोंचली. ज्यांनीं कसब्यांत किंवा बुधवारांत भर दुपारीं एखादी हातगाडी अडकलेली पाहिली आहे, त्यांस ह्या कामाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. वर जुने वाडे, त्यांच्या मातीविटांच्या भिंती, देवळें व बोळ. आणि खालून यंत्रानें कोरीत नेलेला बोगदा. एके काळीं असलें काम म्हटलें कीं विलायतेकडे तोंड करून बसण्याची आपली रीत होती. आज ह्या गाडीचे ॲल्युमिनियमचे डबे बहुतांशीं बंगाल्यांत उत्तरपाडा येथें बांधले गेले आहेत. १९०५ सालीं पुण्यांत परदेशी कापडाची होळी ज्यांनीं केली, त्यांच्या नातवापणतवांस ही गोष्ट लहान वाटूं नये.

परंतु आम्हांस ज्याची खरी प्रशंसा करावयाची आहे तें यंत्र नव्हे, स्थानक होय. जिल्हा न्यायालयाचेंच स्थानक घ्या. वकिलीच्या निमित्तानें त्या न्यायालयाच्या पायऱ्या आम्हीं अनेक वेळां चढलों. आतां त्याच आवाराशेजारीं पायऱ्या उतरण्याचा योग आला. हें स्थानक जमिनीखालीं सुमारें १०८ फूट खोल आहे. इतक्या खोल जातांना मनुष्याचा जीव साहजिकच घाबरा होतो. लहानपणीं ज्यानें गांवच्या बारवेंत उतरून पाहिलें आहे त्यास ही भीति ठाऊक आहे: पायरीगणिक उजेड कमी, हवा दमट, आणि वरचें जग दूर. योजना करणारानें नेमकी ह्याच भीतीची दखल घेतली आहे. छत उंच आहे, आणि त्यांतून सोडलेला सूर्यप्रकाश थेट खालपर्यंत पोहोंचतो. आपण कोठें आहों व कोणीकडे जावयाचें आहे, हें कोणासही न विचारतां कळतें. पाट्या मराठींत आहेत व दुरून वाचतां येतात. आंधळ्याच्या काठीस वाट लागावी म्हणून फरशीवर उंचवट्याची पट्टी आहे. ज्याचे गुडघे थकले त्यास लिफ्ट आहे. ह्याच ठिकाणीं वनाझहून रामवाडीकडे जाणारा उंचावरचा मार्ग खालच्या मार्गास मिळतो, आणि तरीही नवखा उतारू वाट चुकत नाहीं. ह्या न चुकण्यांत स्थापत्याचें सगळें श्रेय आहे.

आणखी एक गोष्ट तेथें उभें राहिल्यावर आमच्या मनांत आली. वर न्यायालयांत न्यायाधीशांचें दार वेगळें, वकिलांची बसावयाची जागा वेगळी, आणि ज्याच्या पैशावर हा सारा पसारा चालतो त्या पक्षकारास मात्र व्हरांड्याचा कठडा. खालीं सर्वांस एकच जिना, एकच फलाट व एकच बाक. संविधानाच्या चौदाव्या कलमांतील समता वाचावी लागते. ही पायानें चालतां येते. शिवाय, जो गृहस्थ पांच मिनिटांपूर्वीं रस्त्यावर पानाची पिंक टाकीत होता, तोच आंत आल्यावर मुकाट्यानें रांगेंत उभा राहतो. दंडाची भीति हें त्याचें एक कारण आहेच, तें आम्ही नाकारीत नाहीं. पण दंड तर रस्त्यावरही आहे! तेथें कोणी आपली किंमत ठेवीत नाहीं म्हणून तोही कोणाची ठेवीत नाहीं; येथें त्यास पाहुण्यासारखें वागविलें जातें, म्हणून तो पाहुण्यासारखा वागतो.

सजावटीविषयीं मात्र आमचें मत थोडें निराळें आहे. डेक्कन जिमखाना व संभाजी उद्यान येथील उंचावरच्या स्थानकांस मावळ्याच्या पगडीचा आकार दिला आहे. मंडईच्या स्थानकाचें दर्शनी अंग वरच्या जुन्या मंडईशीं जुळतें ठेविलें आहे. पगडी पाहून ज्यांस स्फुरण चढतें त्यांस चढो. परंतु पगडी ही डोक्यावर शोभते, इमारतीवर ती थोडी अवघडूनच बसते. मंडईचा प्रकार आम्हांस अधिक आवडला; कारण तेथें नव्यानें जुन्याशीं शेजारधर्म पाळला आहे, त्याचें सोंग घेतलेलें नाहीं.

मंडईचें नांव निघालें म्हणजे एका जुन्या वादाची आठवण होते. ती दगडी इमारत १८८६ च्या सुमारास उभी राहिली व गव्हर्नर रे साहेबांचें नांव तिला मिळालें. तिच्यावर एवढा पैसा खर्चण्यास नगरपालिकेंत जोतीराव फुल्यांनीं विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लागावा असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें त्याच इमारतीस महात्मा फुले मंडई हें नांव पडलें. जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते; तेव्हां इमारतीची किंमत त्यांस कळत नव्हती असें कोणी म्हणूं नये. आज त्याच इमारतीशेजारीं जमिनीखालीं स्थानक झालें असतां त्यांचा प्रश्न पुन्हा विचारणें आमचें कर्तव्य आहे. एवढा पैसा फरशीवर व दिव्यांवर कां घालावा?

ह्याचें उत्तर देणें सोपें नाहीं. १८६३ सालीं लंडनांत जगांतील पहिली भुयारी आगगाडी सुरू झाली तेव्हां धुरानें कोंडलेल्या बोगद्यांत उतारूंस खोकत जावें लागे; सौंदर्याचा विचार पुढें कित्येक वर्षांनीं आला. १९३५ सालीं मॉस्कोंत संगमरवरी खांबांचीं व झुंबरांचीं स्थानकें उभीं राहिलीं, तीं कामगारांचे महाल म्हणून. मात्र त्याच राज्यांत त्या कामगारांस तोंड उघडण्याची मुभा नव्हती, हेंही विसरून चालणार नाहीं. तेव्हां केवळ महाल बांधिल्यानें प्रजेचा मान राहतो असें नाहीं. आमच्या मतें कसोटी जोतीरावांचीच लावावी, पण ती पुरती लावावी: ही इमारत कोणाच्या उपयोगाची आहे? दहा रुपयांचें तिकीट काढून हमाल, मोलकरीण व पेढीवाला जर एकाच फलाटावर उभे राहत असतील, तर उजेड, वारा व स्वच्छता ह्यांवर झालेला खर्च हा चैनीचा खर्च नव्हे. चैन कोठें सुरू होते हें मात्र प्रत्येक ठिकाणीं डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे. मुंबईस ३३.५ किलोमीटरांचा, २७ पैकीं २६ स्थानकें जमिनीखालीं असलेला मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्यें कफ परेडपर्यंत पुरा झाला. परंतु त्याच वर्षीं २६ मे रोजीं, उघडून महिनाही न झालेल्या आचार्य अत्रे चौक स्थानकांत पावसाचें पाणी शिरलें व तें बंद ठेवावें लागलें. झगमगाटाआधीं गटार, हा क्रम घरबांधणी करणाऱ्या कोणत्याही नगरकर गवंड्यास ठाऊक आहे.

आतां आमच्या सुस्काऱ्याकडे येऊं. ‘आपल्याकडे असें कधीं व्हायचें’ ह्या उद्गारांत असा समज आहे कीं, असलीं कामें मोठ्या शहरांचीं, आपला त्यांशीं संबंध नाहीं. हा समज इतिहासास सोडून आहे. जमिनीखालचें सार्वजनिक काम नगरास नवें नाहीं. निजामशाहींत ह्या शहरास भोंवतालच्या गांवांकडून जमिनीखालून खापरी नळांनीं पाणी आणिलेलें होतें, आणि त्या योजनेची ख्याति दूरवर होती. दुसरें असें कीं, २०२४ सालीं ह्या शहरानें व जिल्ह्यानें जें नांव घेतलें तें कोणाचें? १७२५ सालीं आपल्याच चौंडीस जन्मलेल्या अहिल्याबाईंनीं महेश्वरीं बसून काशीचें विश्वनाथाचें मंदिर बांधविलें, गयेचें विष्णुपद बांधविलें, आणि ठिकठिकाणीं घाट, विहिरी व धर्मशाळा उभ्या केल्या. त्या घाटांवर उतरणारा यात्रेकरू त्यांचा प्रजाजन नव्हता. तो नुसता वाटसरू होता. तरी पायरी त्याच्या पावलास बेताची, दगड घडीव, व बसावयास ओटा. हें नांव आम्हीं पाटीवर लाविलें; त्या नांवाच्या शहरांत वाटसरूची काय व्यवस्था आहे?

जिल्ह्यांतील एका बसस्थानकावर, नांव घेण्याचें कारण नाहीं, गेल्या पावसाळ्यांत आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतों. एक वृद्ध बाई गांठोडें घेऊन आल्या व म्हणाल्या, “दादा, शेवगांवची गाडी कुठं लागती?” एकानें पूर्वेकडे बोट दाखविलें, दुसऱ्यानें पश्चिमेकडे, तिसरा म्हणाला, “बसा आजी, आली म्हंजी ओरडत्याल.” फलाटावरचा आंकडा कधींच पुसून गेला होता. बाकाखालीं पाणी सांचलेलें असल्यामुळें आजी गांठोडें डोक्यावरच घेऊन उभ्या राहिल्या. ह्या ठिकाणीं सरकता जिना नको आहे, बोगदाही नको आहे. एक रंगाचा डबा, वाचतां येईल अशी पाटी, गळणारें छप्पर बंद करणारा गवंडी, आणि बायकांसाठीं पाणी असलेली स्वच्छ मोरी, एवढ्यावर आजींचा मान राहिला असता. ह्यास किती कोटी लागतात?

आणि पुण्यांतही सर्व आलबेल आहे असें नाहीं. विशेषतः नगरकरांच्या दृष्टीनें. मेट्रोच्या कामासाठीं शिवाजीनगरचें एस्टी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीस हलविलें गेलें. भुयारी मार्ग २०२४ सालीं स्वारगेटास जाऊन पोहोंचला तरी एस्टी शिवाजीनगरास परतली नव्हती. म्हणजे ज्या मार्गावर एस्टीचा जन्म झाला, त्या मार्गाच्या उतारूनें वाकडेवाडीस उतरावें, ओझें घेऊन रिक्षावाल्याशीं घासाघीस करावी, आणि मग त्या सुंदर स्थानकाचें दर्शन घ्यावें. स्थानक कितीही देखणें असलें तरी तेथवर पोहोंचण्याची वाट जर त्याच्या योजनेंत धरलेली नसेल, तर ती योजना अर्धीच म्हटली पाहिजे.

सुदैवानें ही चूक दुरुस्त करण्याची एक संधि आपल्या रस्त्यावरच आलेली आहे. रामवाडीपर्यंतची गाडी ६ मार्च २०२४ रोजीं सुरू झाली. (हा मार्ग मध्येंच नगर रस्ता सोडून कल्याणीनगराकडे वळतो, तो आगाखान महालाच्या संरक्षणाच्या नियमांमुळें. तेथें गांधीजी १९४२ ते १९४४ स्थानबद्ध होते, आणि त्याच काळांत नेहरू आमच्या भुईकोट किल्ल्यांत. तेव्हां ह्या वळणाबद्दल तरी नगरकरांनीं कुरकुर करूं नये.) २५ जून २०२५ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें रामवाडीपासून वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतच्या वाढीव मार्गास मंजुरी दिली. हा तुकडा झाला म्हणजे नगरहून जाणाऱ्या उतारूस मेट्रो प्रथम भेटेल ती वाघोलीस. तेथें एस्टीस थांबण्यास पक्की जागा, तिच्यापासून जिन्यापर्यंत छप्पर, लिफ्ट, आणि नगर, शेवगांव, पाथर्डी, जामखेडकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा मराठींत ठळक लिहिलेली पाटी, एवढें जर आरंभींच योजनेंत धरलें, तर दोन-अडीच तासांचा प्रवास करून आलेल्या माणसास पुण्याच्या वेशीवर तासभर खोळंबावें लागणार नाहीं. मागाहून हें करूं म्हटल्यास शिवाजीनगरासारखीच गत होईल.

ह्या कामीं महानगरपालिकेनें, व्यापारी मंडळांनीं व वकील संघानें मिळून पुण्याच्या मेट्रोच्या अधिकाऱ्यांस व एस्टी महामंडळास संयुक्त अर्ज करावा, असें आमचें सांगणें आहे. अर्जांत वाघोलीच्या थांब्याची मागणी पहिली असावी, आणि आपल्या जिल्ह्यांतील बसस्थानकांच्या पाट्या, छप्परें व मोऱ्या ह्यांची मागणी दुसरी. मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहों. सह्या गोळा करण्याचें काम बाजारपेठेंतील मंडळींनीं पत्करावें.