मांजर गप्प आहे म्हणजे दुखत नाही, असे नव्हे

शस्त्रक्रियेनंतर मांजर शांत पडून असेल तर वेदनाशामक कशाला, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल पटत नाही. दुखणे लपवणे हा मांजराचा स्वभावच. दुखत असतानाही ते घुरघुरू शकते. म्हणूनच माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये चेहऱ्यावरून वेदना जोखण्याची पद्धत मांडली. कान, डोळे, नाकातोंडाजवळचा ताण, मिश्या आणि डोक्याची ठेवण यांना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. बेरीज १० पैकी ४ झाली की वेदनाशामकाचा विचार करायचा. दुखल्यामुळे मांजर हलत नाही आणि टाके शाबूत राहतात, हा युक्तिवादही फसवा आहे. दुखणारे मांजर खाणे टाकते आणि बरे होणे लांबते. औषधाच्या दुष्परिणामांची भीती मात्र रास्त आहे. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते. पण त्यावरचा उपाय पशुवैद्याने ठरवलेले औषध व मात्रा हा आहे, वेदना सोसायला लावणे नव्हे.

– एक वाचक