यंत्राला हमी, बोटांना कोणाची?

भांडवली व्यवस्था कशाची हमी घेते आणि कशाची घेत नाही, हे समजून घेण्यासाठी जाडजूड ग्रंथ चाळण्याचे कारण नाही. विजेच्या करवतीच्या खोक्यातून निघणारे दोन कागद त्यासाठी पुरेसे आहेत. पहिला हमीपत्राचा, दुसरा सुरक्षित वापराच्या सूचनांचा. हमीपत्र सांगते की, खरेदीपासून सहा महिने किंवा वर्षभरात यंत्राच्या मालात वा घडणीत दोष आढळला, तर कारखाना ते विनामूल्य दुरुस्त करून देईल. सूचनापत्र सांगते की, चष्मा लावा, गार्ड काढू नका, पात्याजवळ हात नेऊ नका. एका कागदात यंत्राची काळजी कारखान्याने घेतली आहे; दुसऱ्यात माणसाची काळजी माणसावरच सोपवली आहे. मोटार बिघडली तर निदान कोणाला तरी जाब विचारता येतो. बोट तुटले तर जाब उलट सुतारालाच विचारला जातो.

हमीपत्र तरी सुतारापर्यंत पोहोचते काय? त्यातील बारीक अक्षरांचा मजकूर पाहावा. कार्बन ब्रश, पाते, वायर हे 'झिजणारे भाग' म्हणून हमीबाहेर. जादा भाराने आर्मेचर जळले, तर तो वापरणाऱ्याचा दोष. शिफारस नसलेले पाते लावले, तर हमी बाद. अधिकृत केंद्राबाहेर यंत्र उघडले, तर हमी बाद. तारीख आणि यंत्रक्रमांक असलेले पक्के बिल नसेल, तर हमी मुळात सुरूच झाली नाही. आता तालुक्याच्या गावी, दुसऱ्याच्या घरात चटईवर झोपून फर्निचरचा ठेका पुरा करणाऱ्या सुताराने काय करावे? अधिकृत केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी; तिथे यंत्र आठवडाभर पडून राहणार. नाक्यावरचा मोटार भरणारा तेच काम संध्याकाळपर्यंत करून देतो. रोजावर जगणारा माणूस नाक्यावर जातो आणि त्या क्षणी हमी गमावतो. ज्याला आठवडाभर हात बांधून बसणे परवडते, त्याच्याचसाठी ती हमी लिहिलेली असते.

परंतु खरा प्रश्न याहून गंभीर आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, ओशिवऱ्यात किंवा कोणत्याही नव्या इमारतीच्या एखाद्या मजल्यावर जाऊन पाहावे. प्लायवूड कापण्यासाठी सुताराच्या हाती बहुधा लाकडाची करवत नसतेच. असतो तो मार्बल कटर. दगड आणि फरशी कापण्यासाठी घडवलेले हे चार-पाच इंची पात्याचे यंत्र लाकडाचे दातेरी पाते लावून सर्रास वापरले जाते. लाकडासाठी घडवलेल्या हातकरवतीला खालच्या बाजूने स्प्रिंगचा गार्ड असतो. करवत फळीतून बाहेर येताच तो आपोआप पात्यावर झाकण घालतो. मार्बल कटरला असा गार्ड नाही, कारण दगडाच्या पात्याला दातच नसतात. त्याचे पाते मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटर होतो. दचकून हात मागे घेण्यास माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा जरी लागला, तरी तेवढ्यात पात्याचे चाळीस फेरे झालेले असतात. त्यात भर म्हणजे खटका दाबून अडकवून ठेवण्याची सोय. हात सुटला तरी यंत्र फिरतच राहते. फळीचा काप मिटून पाते आवळले गेले की यंत्र उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते. कित्येक ठिकाणी तर हाच कटर फळीखाली उलटा ठोकून, पाते वर काढून, त्याची मेजकरवत केली जाते. तिला ना गार्ड असतो, ना काप मिटू न देणारी पात्यामागची पट्टी.

हे सारे हमीपत्राच्या आणि सूचनापत्राच्या विरुद्ध आहे, हे खरे. पण ते लपूनछपून चालते काय? ज्या दुकानात मार्बल कटर मिळतो, त्याच दुकानात, त्याच काउंटरवर, त्याच्या मापाचे लाकडाचे पाते मिळते. विकणाऱ्याला ठाऊक आहे, बाजारपेठ राखणाऱ्या कंपन्यांनाही ठाऊक आहे. विक्री दोन्हींची होते आणि जबाबदारी एकाचीही राहत नाही. सूचनापत्रात 'लाकडासाठी वापरू नये' असे एक वाक्य छापले की निर्माता मोकळा. ते वाक्य पुष्कळदा इंग्रजीत असते आणि वाचणारा राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार किंवा मराठवाड्यातून आलेला असतो.

सुतार हे यंत्र का घेतो, याचे उत्तर बेफिकिरीत नाही, बाजारभावात आहे. मार्बल कटर स्वस्त, हलका, आणि एकाच यंत्रात फरशीपासून सनमायकापर्यंत सारे कापणारा. काम चौरस फुटाच्या दराने; गार्ड सांभाळत, फळी शिकंज्यात पकडत कापणाऱ्याचा दर वाढत नाही, दिवस मात्र वाढतो. शिवाय यंत्र विकत घेतो तो सुतार स्वतः. पूर्वी यंत्र मालकाचे असे आणि त्याला कुंपण घालण्याची जबाबदारीही मालकाची असे. आज कंत्राटदाराने यंत्र कामगाराच्या नावावर करून टाकले आहे. उत्पादनाची साधने श्रमिकांच्या मालकीची व्हावीत, हे समाजवादी चळवळीचे स्वप्न. भांडवलशाहीने त्याचे विडंबन करून दाखवले: साधनाची जोखीम तेवढी श्रमिकाच्या मालकीची, त्यातून निघणारा नफा मात्र दुसऱ्याचा.

कायदा काय करतो, हेही पाहिले पाहिजे. चक्री करवतीला वरून गार्ड हवा, मागे पट्टी हवी, फळी ढकलण्यास काठी हवी, हे ज्ञान नवे नाही. इंग्लंडमध्ये १९२२ साली ते नियमात आले आणि १९४८ च्या कारखाना कायद्याखाली राज्यांनी केलेल्या नियमांतही ते उतरले. पण कारखाना कोणाला म्हणायचे? विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असावे लागत. नव्या संहितेने ही मर्यादा वीसवर नेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. तीन-चार सुतारांची टोळी दहाच्या हिशेबातही बसत नव्हती. विसाच्या हिशेबात लहान फर्निचर कारखानेही बाहेर पडले. इमारत बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने दहा लाखांपर्यंतचे राहत्या घराचे खासगी काम वगळले होते. नव्या संहितांनी ती मर्यादा आणखी वर नेली.

भोपाळच्या हत्याकांडानंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात ७-ब हे कलम आले. यंत्र घडवणाऱ्याने, आयात करणाऱ्याने, पुरवणाऱ्याने ते 'योग्य वापर केल्यास' सुरक्षित राहील हे पाहावे, असे ते कलम सांगे. मात्र पुरवठादाराने दिलेली माहिती वा सल्ला दुर्लक्षून केलेला वापर हा योग्य वापर नव्हे, अशी पुस्तीही त्याच कलमाला होती. म्हणजे सूचनापत्र छापणारा जो, योग्य वापराची व्याख्या करणाराही तोच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल निर्मात्याला जबाबदार धरले हे स्वागतार्ह. पण वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार केला गेला असेल, तर तीही वाट बंद होते.

राहता राहिली नुकसानभरपाई. १९२३ च्या कायद्याने माणसाच्या अवयवांचा भावफलकच आखून दिला आहे: अंगठा ३० टक्के, तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२ टक्के. तीस वर्षांच्या, महिना १५,००० रुपये मजुरी धरलेल्या सुताराची तर्जनी गेली, तर त्या कायद्याच्या हिशेबाने सुमारे २ लाख ६२ हजार रुपये होतात. रक्कम कागदावर आहे. ती मिळवण्यासाठी आधी तो कोणाचा तरी कामगार आहे हे सिद्ध व्हावे लागते, आणि कंत्राटदार म्हणतो, तो माझा कामगार नव्हे, यंत्र त्याचे, ठेका त्याचा. ते सिद्ध झालेच, तर दुसरा बचाव तयार असतो: कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला वा त्याकडे दुर्लक्ष केले असेल, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर इजेची भरपाई देणे मालकावर बंधनकारक नाही. सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा अपवाद जपून ठेवला आहे. हमीपत्र, सूचनापत्र, कायदा हे तीन कागद तीन ठिकाणी लिहिले गेले. पण तिघांचे बोलणे एकच आहे. यंत्र निर्दोष आहे, माणूस सदोष आहे.

'कामगाराला शिकवा, अपघात थांबतील,' असा उपदेश करणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथे सूचनापत्र लोकांच्या भाषेत असते आणि करवतीबरोबर गार्डही येतो. तरीही तेथील ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार, २०१५ या एका वर्षात मेजकरवतीच्या पात्याने झालेल्या सुमारे ३०,००० जखमा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आल्या. त्यांपैकी सुमारे ४,७०० अवयव तुटल्याच्या होत्या. तेव्हा दोष केवळ अज्ञानाचा नाही. स्टीफन गॅस या पदार्थविज्ञान शिकलेल्या पेटंट-वकिलाने १९९९ च्या सुमारास यावर उपाय शोधला. पात्यात सूक्ष्म विद्युत्संकेत खेळवायचा. कातडीचा स्पर्श होताच तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते काही सहस्रांश सेकंदांत थांबवतो. बोटाला ओरखड्याहून फारसे काही होत नाही. मोठ्या कंपन्यांनी हा शोध घेतला नाही. २००३ साली तो सक्तीचा करण्याची मागणी आयोगाकडे गेली. वीस वर्षे उलटली तरी नियम झाला नाही. फरशी बसवणाऱ्या एका कामगाराच्या खटल्यात, त्याचाही काही दोष होता असे मानूनही, पंचांनी २०१० साली निर्मात्याविरुद्ध १५ लाख डॉलरांचा निवाडा दिला आणि वरिष्ठ न्यायालयाने तो २०११ साली कायम केला. सुरक्षित रचना शक्य असताना असुरक्षित रचना विकणे हाच दोष आहे, हे तत्त्व त्यातून उभे राहिले.

मात्र गॅसलाही संत ठरवण्याचे कारण नाही. त्याने शोधावर पेटंटचे कुंपण घातले. २०१५ साली बॉश कंपनीने तशाच प्रकारची करवत आणली, तेव्हा पेटंटभंगाच्या तक्रारीवरून २०१७ साली तिची अमेरिकेतील आयात रोखण्यात आली. बोटे वाचवणारे यंत्र बाजारात यावे की न यावे, याचा निर्णय बोटांच्या संख्येवरून झाला नाही, मालकीहक्कावरून झाला. एका बाजूला सुरक्षितता महाग म्हणून नाकारणारे, दुसऱ्या बाजूला ती खासगी मालमत्ता म्हणून अडवणारे. मधल्या मध्ये हात जातो तो कामगाराचा.

असे मेजकरवतीचे अद्ययावत तंत्र इथल्या सुताराच्या हाती कधी येईल ते येवो. त्याला आज साधा स्प्रिंगचा गार्डही मिळत नाही. यासाठी चळवळीने स्वतःलाही दोष दिला पाहिजे. मजुरीवाढीसाठी मोर्चे निघाले, पण करवतीच्या गार्डासाठी एकही निघाला नाही. कल्याणकारी मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी रांगा लावून देण्यात कार्यकर्ते रंगले. त्याच मंडळाकडे गार्ड असलेली करवत मागावी, हे सुचले नाही. तुटलेले बोट 'नशीब' म्हणून मोजले गेले, शोषण म्हणून नव्हे.

आता मागण्या स्पष्ट असाव्यात. मार्बल कटरच्या मापाची लाकडाची पाती विकण्यावर निर्बंध यावा आणि गार्ड असलेली हातकरवत कल्याणकारी मंडळाने नोंदणीकृत सुतारांना सवलतीत पुरवावी. गार्ड हा झिजणारा भाग न मानता यंत्राच्या आयुष्यभर विनामूल्य बदलून मिळावा. यंत्र नाक्यावर दुरुस्त केले म्हणून ही हमी जाऊ नये. सूचना मराठी आणि हिंदीत, चित्रांसह, खोक्यावरच छापल्या जाव्यात. गार्ड काढला हा बचाव घेणाऱ्या मालकाने, गार्ड लावून काम करण्यास पुरेसा वेळ आणि दर दिला होता, हे आधी सिद्ध करावे. वीस कामगारांची मर्यादा रद्द व्हावी; फिरत्या पात्याला माणसे मोजता येत नाहीत.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात शाबूत ठेवण्याचे कामही संघटनेचेच आहे. पक्के बिल आणि यंत्रक्रमांक जपून ठेवावा. प्लग काढल्याशिवाय पाते बदलू नये. पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून कमी असेल, तर ते पाते कधीही लावू नये. त्याचे दात उडतात. फळी शिकंज्यात पकडावी, यंत्र दोन्ही हातांनी धरावे, खटका अडकवून ठेवू नये, सैल बाही नसावी. हे प्रत्येक शाखेने नाक्यावर जाऊन, यंत्र हाती घेऊन दाखवावे. मात्र हे शिकवताना कार्यकर्त्याने मालकाच्या सुरात बोलू नये. सावध राहा, असे मालक सांगतो ते स्वतःची जबाबदारी टाळण्यासाठी. कार्यकर्त्याने तेच सांगावे ते उद्या दहा बोटांची मूठ वळवून जबाबदारी मागता यावी म्हणून.