कोंड्याचा खवटपणा

वेळणेश्वरसारख्या दमट किनारी गावांत भाताचा कोंडा खवट झाला की दोष हवेस दिला जातो. तो अर्धाच खरा होय. तांदुळावरील आवरणात तेल एका थरात व ते फोडणारे लायपेज हे एंझाइम दुसऱ्या थरात असते. दाणा अखंड असेतोवर दोहोंची गाठ पडत नाही. गिरणीत ती पडते. काही तासांतच वसाम्ले सुटी होऊ लागतात आणि लायपॉक्सिजनेज हे दुसरे एंझाइम त्यांचा प्राणवायूशी संयोग घडविते. मग डबा कितीही घट्ट असो! उकडण्याच्या उष्णतेने लायपेज निकामी होते. म्हणून उकड्या भाताचा कोंडा अधिक टिकतो. कच्च्या भाताचा कोंडा साठविण्याचा हट्ट मात्र व्यर्थ आहे. भात लागेल तसे भरडावे व कोंडा ताजाच गुरांना घालावा.