थायरॉइडसाठी डॉक्टर कोणता?

‘थायरॉइड निघाला’ हे वाक्य आता घरोघरी ऐकू येते. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ ठिकाणी झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांची थायरॉइड ग्रंथी कमी काम करत असल्याचे आढळले होते. निदान सोपे, गोळी स्वस्त. अवघड आहे ते पुढची कित्येक वर्षे कोणाच्या देखरेखीखाली काढायची हे ठरवणे. काही जण दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलतात आणि प्रत्येक नवा डॉक्टर डोस बदलतो. काही जण पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणत राहतात. या दुसऱ्या प्रकाराची काळजी अधिक वाटायला हवी. डोस गरजेपेक्षा जास्त राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ शकतात, आणि हे बरेचदा काहीही न जाणवता घडत असते.

हार्मोनच्या आजारांचे तज्ज्ञ म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. एमडीनंतर डीएम केलेले. ते बहुतेक मोठ्या शहरांतच भेटतात. पण ग्रंथी नुसती कमी काम करत असेल, तर त्यासाठी पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. गावातला फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन हे काम उत्तम करू शकतो. तो ते करतो की नाही, हे त्याच्या प्रश्नांवरून कळते. गोळी अनशापोटी घेता का? चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने घेता का? लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घेता का? हे न विचारता नुसता रिपोर्ट पाहून डोस वाढवणारा डॉक्टर रुग्णाऐवजी कागदावर उपचार करत असतो. डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करून डोस बदलण्यात अर्थ नाही.

टीएसएच थोडाच वाढलेला, दहाच्या आत, आणि टी-फोर नॉर्मल असेल, तर चांगला डॉक्टर बहुधा काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतो; लगेच जन्मभराची गोळी लिहून देत नाही. असा आकडा कित्येकदा आपोआप खाली येतो, आणि वयस्कर माणसांत तो मुळातच थोडा वर असतो. उलट आकडे जागेवर आले तरी थकवा जात नसेल, तर तो हिमोग्लोबिन, बी-१२, झोप यांकडे वळतो. सगळे खापर थायरॉइडवर फोडणे सोपे असते.

काही वेळा मात्र तज्ज्ञ हवाच. ग्रंथी जास्त काम करत असेल, मानेत गाठ लागत असेल, रुग्ण लहान मूल असेल किंवा गोळी नीट घेऊनही टीएसएच जागेवर येत नसेल, तर वेळ घालवू नये. गर्भारपणाचे तर विशेष आहे. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असते आणि आधीपासून गोळी चालू असलेल्या बहुतेक स्त्रियांना डोस वाढवावा लागतो. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना फोन करावा, पुढच्या भेटीची वाट पाहू नये. ग्रंथी जास्त काम करते म्हणून कार्बिमाझोल घेणाऱ्यांना ताप आला, घसा दुखू लागला, तर त्याच दिवशी रक्ततपासणी हवी. हा इशारा पहिल्याच भेटीत न देणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा जावे का, याचा विचार जरूर करा.

तज्ज्ञाकडे वर्षातून एकदा आणि मधल्या तपासण्या गावात, अशी व्यवस्था बऱ्याच जणांना परवडते. जाताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, गोळ्यांची बाटलीही सोबत ठेवा. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा आणि डॉक्टरांना तसे सांगा. त्याने थायरॉइडचे आकडेच चुकीचे येऊ शकतात.