हौशी वाडीचा जमाखर्च

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील निर्मळ, गास, भुईगाव, नाळे, आगाशी या गावांत पाच-दहा गुंठ्यांच्या वाड्या अजून तग धरून आहेत आणि त्यांतील अनेकांचे मालक नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ तेथे राबतात. या वाड्यांवर नेहमीचा आक्षेप असा की ही शेती नव्हे, हौस आहे; चार घड केळी, थोडे अळू आणि कुंपणावरची जास्वंद यांतून मजुरीही सुटत नाही, तेव्हा घरांची चणचण असलेल्या शहरात एवढी जमीन अडवून ठेवणे ही निव्वळ चैन होय.

आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे आणि तो नाकारण्यात वाडीच्या कैवाऱ्यांनी उगाच शक्ती खर्च केली आहे. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी चवीला कितीही सरस असली, तरी दहा गुंठ्यांतल्या सुकेळीवर आज घर चालत नाही. नागवेलीची बांधणी, केळीची पिले काढणे, आळी करणे, शेणखत घालणे या कामांची रोजंदारी धरली तर तोटाच दिसतो. पण आक्षेपक जमेच्या बाजूला केवळ माल मांडतात, पाणी मांडत नाहीत.

समुद्रकाठच्या वाळूमिश्रित जमिनीत पावसाचे गोडे पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गायबेन-हर्झबर्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल तर त्या पाण्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस फूट जातो. साहजिकच वरचे एक फूट उपसून संपवले, तर खालून खारे पाणी कालांतराने तेवढेच चाळीस फूट वर सरकते. दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटर धरला तर तेवढ्या जागेवर वीस लाख लिटर पाणी पडते. यातले चौथाई जरी मुरले असे मानले, तरी पाच लाख लिटर होतात. फरसबंदी अंगणातून हेच पाणी गटारात जाते. वाडीतले बावखल, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे खोदीव तळे, ते अडवते आणि हळूहळू जमिनीत मुरू देते.

घरांच्या चणचणीचा मुद्दा म्हणूनच आक्षेपकांवरच उलटतो. याच पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकरने इमारतींना पुरवले जात आले आहे. वाडी बुजवून उभी राहिलेली इमारत ज्या पाण्याच्या भरवशावर विकली जाते, त्याचाच उगम ती बंद करते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने चाललेल्या हरित वसईच्या चळवळीला केवळ निसर्गप्रेम म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा हिशेब सोयीस्करपणे वगळला.

तथापि या समर्थनाला एक अट आहे, आणि ती काही वाडीमालकांना रुचणार नाही. बावखल भरून त्यावर गाडी उभी करायची, भोवती परदेशी हिरवळ लावायची आणि ती मे महिन्यात टवटवीत राहावी म्हणून कूपनलिकेचा पंप तासन्‌तास चालवायचा, अशी ‘बाग’ दिसायला हिरवी असली तरी भूजलाच्या खात्यात ती खर्चाच्याच बाजूला पडते. तिच्या बाबतीत आक्षेपकांचा ‘चैन’ हा शब्द मान्य करावा लागेल.