माळ आहे, पण खर्राही आहे

गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मद्यमांसाला शिवत नाही, हे यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात सांगावे लागत नाही. मित्रांच्या बैठकीत त्याने ‘माळ आहे’ एवढे दोन शब्द उच्चारले की आग्रह तेथेच थांबतो. परंतु याच माळकऱ्यांपैकी काहींच्या खिशात खर्र्याची पुडी असते आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. व्रताच्या यादीत मद्य आहे, मांस आहे. तंबाखू मात्र रूढीने यादीबाहेर राहिली आहे.

अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३३ साली अनुयायांना आहाराचे नियम घालून दिले. मद्य व तंबाखू वर्ज्य, मांस बेताने, आणि ‘उष्ण पेये’ निषिद्ध. या पेयांचा अर्थ पुढे चहा-कॉफी असा लावला गेला. आरंभी तो केवळ उपदेश होता. विसाव्या शतकात मात्र मंदिरप्रवेशाची ती अट झाली. हा पंथ जेथे प्रबळ आहे, त्या युटा राज्यात धूम्रपान अमेरिकेतील इतर राज्यांच्या मानाने फारच कमी आहे. तथापि चहाचा पेला आणि तंबाखूची चिमूट यांना एका पंक्तीत बसविणे वैद्यकशास्त्राला मान्य होणार नाही. धर्माची यादी आणि वैद्याची यादी तंतोतंत जुळत नाहीत, हेच खरे.

आपल्याकडे ही तफावत अधिक महाग पडते. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण. त्यातील नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे. सुपारीने तोंडाचे अस्तर ताठर होत जाते आणि घास घेण्यापुरतेही तोंड उघडेनासे होते.

मग कायद्याने बंदी घालावी काय? राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. पानठेल्यावरील खर्रा काही थांबला नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली दारूबंदी २०२१ साली उठली. कायदा विक्रेत्याला धाक घालतो. नकार देणाऱ्याला बळ देत नाही.

वस्तूला जशी किंमत असते, तशी नकारालाही असते. वैदर्भीय माणूस भेटीगाठीत खर्रा पुढे करतो तो आपुलकीने. ‘नको’ म्हणणारा शिष्ट ठरतो. माळेने मद्याच्या बाबतीत ही किंमत शून्यावर आणली आहे. तिचे खरे सामर्थ्य धाकात नसून या सोयीत आहे. माळ कोणी सक्तीने घालत नाही. परंतु एकदा घातली की सारा गाव ती सांभाळतो.

म्हणूनच कीर्तनकारांनी आणि फडप्रमुखांनी माळ घालताना खर्राही सोडण्याचा संकल्प सुचवावा. पाळणे न पाळणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडावे. हेरगिरी नको, बहिष्कार तर नकोच. आरोग्याची निवड व्यक्तीनेच करावयाची असते. ती निवड स्वस्त करणे, एवढेच समाजाचे काम आहे.